ढील दोन बोटं

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद देतो, पण आधी भांडतो.

तू गेलीस त्या सकाळी जिन्याखाली, तुझ्या मोटारसायकलशेजारच्या भिंतीवर, एक चिठ्ठी चिकटवून गेलीस. दूधवाल्याला ठेवतात तशी! पस्तीस वर्षं मी वर्गात कविता शिकवल्या आणि सख्ख्या नातीला मला चार ओळींचं पत्र लिहिता येऊ नये? ‘चेन आठवड्यातून एकदा. रॉकेल, ब्रश, मग तेल. ढील दोन बोटं. प्लास्टिकला फक्त ओलं फडकं. बाबांना हात लावू देऊ नये.’ ना नमस्कार, ना सही. सबंध मजकुरात मिळून एक क्रियापद, तेही बापाच्या विरोधात.

फोनवर भांडलो असतो, पण मला अर्धं ऐकू येत नाही आणि तू अर्ध्यातच चिडतेस. म्हणून कागद.

कामात मात्र कसूर नाही. दर रविवारी सकाळी जुना सदरा चढवून, पाट घेऊन चाकाशी बसतो. इंजिन बंद ठेवून मागचं चाक हाताने फिरवतो आणि एकेक कडी ब्रशने घासतो. प्रत्येक कडी सरकताना टक् करते, मी मनातल्या मनात मात्रा मोजतो. आठ-आठच्या गटाने जातात, शेवटी चार उरतात. हजेरीच्या वेळी ओळीने उभी राहणारी पोरं आठवतात. त्यातलं एखादं पेंगत असायचं, तशी एखादी कडी अडकून बसते. तिला तेलाचा थेंब जास्त देतो. सायकलवरून शाळेत जाताना उतारावर हात सोडून कविता म्हणायचो मी, हे तुला कधी सांगितलं का? वारा तोंडात शिरायचा आणि अर्धी ओळ गिळून टाकायचा. तुझी गाडी तशीच पुढे झुकलेली आहे, वाऱ्याशी काहीतरी बोलायला निघाल्यासारखी. आणि साखळीचं तर काय सांगू! आता अशी लावली आहे की वीणेची तार लाजेल. बोटाने छेडली तर टण् म्हणते. गाडी हलली की बारीक सूर धरते.

निळं प्लास्टिक मळलं होतं. खडूच्या भुकटीने घासून लखलखीत केलं.

जेवत जा.

तुझे आजोबा


१७ फेब्रुवारी

आजोबा,

नमस्कार. भांडण पोचलं.

खडू? ‘फक्त ओलं फडकं’ हे तीन शब्द तुम्ही स्वतः पत्रात उतरवून काढलेत आणि तरी खडू घासलात? ती पाटी आहे का? आता उन्हात धरली की गोल गोल ओरखडे दिसतील, आणि ते जन्मभर जाणार नाहीत.

इथे सकाळी सातला उभी राहते ती दुपारी तीनलाच बसते. दिवसाला चाळीस माणसांच्या शिरा शोधायच्या. एखाद्याची मला सापडली नाही की आमच्या शिकवणाऱ्या बाई सगळ्यांसमोर म्हणतात, “हिला सुई नको, फावडं द्या.” मी दात-ओठ खाते आणि पुढचा हात धरते. कारण एकच. एक जूनपासून आपल्या गावातल्या प्रयोगशाळेत नेमणूक आहे. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि दोन तासांच्या आत पोचवायचे. अट एवढीच की स्वतःची दुचाकी हवी. ज्या दिवशी गाडी नाही त्या दिवशी नोकरी नाही, असं लिहूनच घेतलंय त्यांनी.

म्हणून हात जोडते. चेन केलीत ना? बास. बाकी कशालाही हात लावू नका. आणि बाबांना किल्ली देऊ नका. कागद त्यांच्या नावावर आहेत म्हणून गाडी त्यांची होत नाही. शेवटची दुचाकी त्यांनी चालवली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

भिंगरी


१६ मार्च

चि. भिंगरीस,

बसून वाच.

मंगळवारी तुझा बाप तुझ्या गाडीवरून पडला. उजवं मनगट मोडलं, गुडघा सोलवटला. डोक्याला शिरस्त्राण होतं म्हणून वाचला. दीड महिना प्लास्टर आहे. तुझी आई म्हणाली तुला कळवू नका, शिकण्यात लक्ष लागणार नाही. पण लपवून ठेवणं माझ्या स्वभावात नाही.

किल्ली मी दिली. बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून दोनदा तो मंडईपर्यंत नेत होता, महिनाभर नेत होता. काही झालं नाही. मंगळवारी रस्त्यातल्या उंचवट्यावर साखळी तुटली, मागच्या चाकात गुंतली, चाक जागच्या जागी थांबलं आणि माणूस पुढे गेला.

घरात ठरलं आहे की ही गाडी नको. तुझा बाप म्हणतो, “जी गाडी मला आपटते ती पोरीला काय सोडणार आहे?” मलाही ते पटतं. अशा गाड्यांची जातच नाठाळ. दिसायला हरिणी, वागायला वाघीण. तुझ्या नोकरीचं काहीतरी करू. एखादी साधी, सरळ बसायची गाडी पुढेमागे बघू.

इथे शेजारच्या त्या उंच झाडाला मोहर आला आहे. खिडकीत बसून मी तुझ्या बापाला जुन्या कविता वाचून दाखवतो. तो भिंतीकडे तोंड करून झोपतो.

तुझे आजोबा


२२ मार्च

आजोबा,

पत्र मिळाल्यावर आधी आईशी बोलले. बाबांची मला काळजी आहे, ते मी त्यांना सांगितलंय. आता तुमच्याशी बोलते.

‘घरात ठरलं.’ कोणत्या घरात? मी त्या घरातली नाही का? गाडी माझी, मी तीन वर्षं शिकवण्या घेऊन घेतली, आणि ती चालवू नये असं जिला सांगायचं तिलाच सोडून बाकी सगळे ठरवायला बसले. आणि तुम्ही! चिठ्ठीतल्या चिमूटभर शब्दांवर एवढं मोठं व्याख्यान दिलंत आणि त्यातला एकही पाळला नाहीत. खडू नको म्हटलं, खडू घासलात. बाबा नको म्हटलं, किल्ली दिलीत. मग माझी चिठ्ठी वाचता कशाला? शुद्धलेखन तपासायला?

‘पुढेमागे बघू’ म्हणे. एक जूनला तुमचं पुढेमागे घेऊन मी नमुने पोचवायला पायी जाऊ?

आणि एक सांगा. ती चेन डिसेंबरमध्ये नवी टाकली होती. माझ्यासमोर मिस्त्रींनी बसवली. नवी चेन तीन महिन्यांत तुटत नाही. ती गाडी नाठाळ नाही आजोबा, ती माझ्याइतकी सरळ गाडी आहे. तिला काहीतरी झालंय. नेमकं कुठे तुटली? कोणी बघितली? मिस्त्रींना दाखवलीत का?

भिंगरी


३० मार्च

चि. भिंगरीस,

तुझ्या पत्राची भाषा बघून मी ते दोनदा घडी घालून ठेवलं आणि दोनदा उघडलं. आजोबांना असं लिहितात? माझ्या वर्गात वाह्यात पोरंसुद्धा मला ‘वाचता कशाला’ म्हणाली नाहीत. माझ्या पाठीमागे म्हणाली असतील, पण पाठीमागे म्हणण्यातसुद्धा एक अदब असते.

मिस्त्रीला मध्ये आणायची गरज नाही. त्याला रोज शंभर गाड्या दिसतात, घर दिसत नाही. गाडी आहे तशी जिन्याखाली उभी आहे. तुझ्या बापाच्या ओळखीतला एकजण वीस एप्रिलला येऊन तिला घेऊन जाणार आहे. झालं ते झालं.

आणि देखभालीत माझ्याकडून कसूर झाली असं तुला सुचवायचं असेल, तर ऐक. तू स्वतः लिहून ठेवलेला दोष मी पहिल्याच रविवारी दुरुस्त केला. साखळीत दोन बोटं ढील होती. तसूभरही ठेवली नाही. मागच्या चाकाचा नट सैल केला, दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवले, खुणा दोन्हीकडे अगदी सारख्या ठेवल्या, आणि पान्याला पाइपचा तुकडा लावून नट असा आवळला की त्याने दोन वेळा किंचाळून दाखवलं. सत्तरी उलटलेल्या माणसाने! घरात दुसऱ्या कोणाला हे जमलं असतं का? वर तू मलाच जाब विचारतेस.

तुझे आजोबा


५ एप्रिल

आजोबा,

मी आत्ता काय लिहितेय ते मला नीट दिसत नाही, इतका राग आलाय.

तो दोष नव्हता. ती सूचना होती! ढील दोन बोटं ठेवायची. ठेवायची!! चेन वरखाली दोन बोटं हलली पाहिजे. गाडीवर माणूस बसला की मागचा भाग दबतो आणि चेन आपोआप ताणते. म्हणूनच मोकळी गाडी उभी असताना ती सैल ठेवतात. तुम्ही ती रिकाम्या गाडीवरच तारेसारखी ताणलीत. मग त्यावर बाबा बसले, पंच्याऐंशी किलोचे बाबा, महिनाभर, खड्ड्यांवरून. दर खड्ड्याला ती चेन मरत होती.

मिस्त्रींना मी फोन करून जिन्याखाली पाठवलं. तुम्ही दुपारी झोपला होतात. ते म्हणाले, “ताई, चेनच्या जोडाची क्लिपच उडालीय. एवढी टाइट कोणी केली? दुश्मन आहे का घरात?” मी म्हटलं, नाही, आजोबा आहेत.

सगळ्या जगाला क्रियापदांवरून छळलंत. मी गाळलं तर तुम्ही विचारायचंत ना! ‘ढील दोन बोटं’ म्हणजे आहे की ठेवू, एवढं विचारायला काय झालं होतं? आई होती, फोन होता, टपाल होतं. पण नाही. तुम्हाला कुठे ढील दिसली की ती वाईटच असणार, हे तुम्हाला विचारायचीसुद्धा गरज वाटत नाही.

आता माझं. हे लिहायला मला तुमच्यावरच्या रागापेक्षा जास्त त्रास होतोय. तुमचं पहिलं पत्र मी आज परत काढलं. त्यात तुम्ही सगळं लिहिलं होतं. वीणेची तार, टण्, बारीक सूर. नऊ फेब्रुवारीला! कोणालाही कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मी ते वाचलंच नव्हतं. आजोबा, तुमच्या पत्रातली कविता सुरू झाली की मी खाली उडी मारते. लहानपणापासून मारते. बसमध्ये उभी होते, ‘उतारावर हात सोडून’पर्यंत आले आणि थेट खडूवर उतरले. मधलं वाचलं असतं तर बाबा पडले नसते.

तेव्हा चूक दोघांची. पण शिक्षा एकट्या गाडीला आणि मला. बाबांना तुम्ही सांगा. मी सांगितलं तर ते म्हणतील, गाडी वाचवायला पोरगी म्हाताऱ्यावर ढकलते. वीस तारखेच्या आत सांगा. नाही सांगितलंत तर मी तुम्हाला पुन्हा पत्र लिहिणार नाही. ही धमकी आहे. क्रियापदासकट.

भिंगरी


१३ एप्रिल

चि. भिंगरीस,

तीन दिवस मी तुझ्याशी मनात भांडत होतो. पहिल्या दिवशी व्याकरणावरून. ‘ढील दोन बोटं’ हे विधानच आहे, आज्ञा नव्हे, असं मी वहीत उदाहरणं देऊन सिद्धसुद्धा केलं. दुसऱ्या दिवशी उडीवरून. लहानपणापासून? तुझ्या दहाव्या वाढदिवसाला मी तुला चार पानं लिहिली होती, त्यातलंही काही वाचलं नाहीस? तिसऱ्या दिवशी जिन्याखाली गेलो आणि ती लोंबणारी साखळी हातात घेतली. तिथे माझं व्याकरण थांबलं.

आता जे लिहितो ते सोळा मार्चला लिहायला हवं होतं. लपवणं माझ्या स्वभावात नाही असं तुला लिहिलं, ते खोटं. तुझा बाप पडला त्याच संध्याकाळी मला संशय आला होता. आदल्या रविवारी साखळीला हात लावला तेव्हा ती बोटाला कापत होती. मी त्याला कविता वाचून दाखवत होतो त्या दुसरं काही बोलावं लागू नये म्हणून. तो भिंतीकडे तोंड करायचा तेव्हा मला बरंच वाटायचं.

काल सकाळी न्याहारीला सांगितलं. तुझी आई त्याला चमच्याने भरवत होती.

मी म्हटलं, “साखळी मी आवळली होती.”

तो म्हणाला, “कोणती?”

“तुझ्या पोरीच्या गाडीची. सगळी ढील काढली. म्हणून तुटली.”

त्याने चमचा डाव्या हाताने बाजूला केला. “कोणी सांगितलं होतं?”

“कोणी नाही. मला वाटलं...”

“तुम्हाला वाटलं!” तुझा बाप माझ्यावर कधी ओरडला नव्हता. अठ्ठेचाळीस वर्षांत नाही. काल ओरडला. “तुम्हाला वाटलं की झालं! आयुष्यभर दिसेल ते पिळत आलात, पोरं पिळलीत, मला पिळलंत, शेवटी चेनसुद्धा सोडली नाहीत! तुमच्या वर्गात मी चार वर्षं बसलो. बाकीच्या पोरांना पाचला सुटी व्हायची. मला कधी झाली सांगा!”

तुझी आई म्हणाली, “अहो हळू, त्यांना त्रास होईल.”

“होऊ दे! आणि तू कशाला मध्ये? त्यांना ऐकू कुठे येतंय!”

भिंगरे, मला सगळं ऐकू आलं. एकेक शब्द.

मग मीही ओरडलो. शोभलं नाही, पण ओरडलो. म्हटलं, मला फाशी दे, पण पोरीची गाडी का देतोस? गाडीने काही केलेलं नाही. तो म्हणाला, “गाडीचं माझं मी बघतो, तुम्ही तोंड उघडू नका.” आणि उठून गेला. ताट तसंच. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद आहे. वीस तारखेचा माणूस येणार की नाही, मला ठाऊक नाही. कागद त्याच्या नावावर, तोंड माझं बंद. जे माझ्या हातात होतं ते केलं, आणि उशिरा केलं.

या पत्रात उडी मारण्याजोगं काही घातलेलं नाही.

तुझे आजोबा


२१ एप्रिल

भिंगरी,

डाव्या हाताने लिहितोय. अक्षराला हसलीस तर पुढचं वाचू नकोस.

फोन केला असता, पण फोनवर तू मध्ये बोलतेस आणि मग मी जे ठरवलेलं असतं ते बोलायचं राहून जातं. तुझ्या आजोबांचं रक्त, दुसरं काय.

मी सगळ्यांवर चिडलेलो आहे. आजोबांवर, पाना हातात घेतला म्हणून, आणि त्याहून जास्त महिनाभर माझ्या उशाशी बसून गप्प राहिले म्हणून. तुझ्यावर, मिस्त्रीला परस्पर माझ्या घरात पाठवलंस म्हणून. तुझ्या आईवर, ती कोणावरच चिडत नाही म्हणून.

आणि एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. मंडई आपल्या घरापासून किती लांब आहे? चालत सात मिनिटं. मी तासाभराने परत यायचो. कोणी विचारलं नाही. भाजी पिशवीत घालून, पिशवी मागे बांधून, मी बाहेरच्या रस्त्याला लागायचो आणि धरणाच्या वळणापर्यंत जाऊन यायचो. पडलो त्या मंगळवारी तर भाजी घ्यायचीच नव्हती, घरात होती. त्या गाडीवर पुढे वाकून बसलं की पोट टाकीला टेकतं, मान दुखते, या वयाच्या माणसाने बसावं अशी ती गाडीच नाही. मी रोज बसलो असतो.

साखळी किंचाळते आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळत होतं. इतका काही अडाणी नाही मी. पण मिस्त्रीकडे नेली असती तर तो म्हणाला असता, ठेवून जा. मग तुला कळलं असतं, आजोबांना कळलं असतं, आणि गाडी बंद झाली असती. म्हणून चालवत राहिलो. पडल्यावर सगळे धावत आले तेव्हा मनगटापेक्षा मला याचीच भीती वाटली, कोणी विचारलं, इथे कुठे निघाला होतात, तर काय सांगू? कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी गाडीला शिव्या दिल्या. मीही दिल्या. ते सोपं होतं.

काल तो माणूस आला. गाडीभोवती फिरला, ते खडूचे ओरखडे बघून त्याने नाक मुरडलं. मी म्हटलं, द्यायची नाही, जा. तो म्हणाला, मग बोलावलंत कशाला? त्याच्याशीही भांडण झालं.

चेन नवी टाकलीय. मिस्त्रीने माझ्यासमोर ढील ठेवून दाखवली, मी गाडीवर बसल्यावर परत बघायला लावली. आजोबा खिडकीतून बघत होते. मी त्यांना बोलावलं नाही. अजून नाही.

कागद तुझ्या नावावर करायला सही लागेल, ती डाव्या हाताने चालत नाही म्हणतात. मनगट सुटेपर्यंत थांब.

एक जूनच्या आधी येशील तेव्हा किल्ली जिन्याखाली खिळ्याला असेल. घे आणि नीघ. चहाला थांबू नकोस. थांबलीस तर मी पुन्हा नाही म्हणेन.

बाबा